निश्चिंत पाणी

चंद्रावरच्या कोजागर केंद्रात पाणी शुद्ध करण्याची खोली सगळ्यात उबदार होती, म्हणून इंदुमती काळसेकर सकाळचा चहा तिथेच घेऊन बसायची. समोर काचेच्या उंच नळकांड्यांत तिच्या जिवाणूगाद्या, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंचे जाड थर, काम करत असत. अकरा माणसांचं आंघोळीचं, धुण्याचं, घामाचं आणि चारचौघांत ज्याचं नाव काढत नाहीत तेही पाणी एका बाजूने आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने चहाला यायचं. नव्या माणसाला हे कळलं की तो दोन दिवस चहा सोडायचा. तिसऱ्या दिवशी निमूटपणे कप पुढे करायचा, कारण चंद्रावर दुसरी विहीर नव्हती.

यंत्रणा इंदुमतीचीच. मराठवाड्याच्या पठारावर, जवळपास नदी नाही अशा जागी अंबरवाडी नावाचं नवं शहर वसलं, तेव्हा तिथल्या तीन लाख माणसांचं पाणी असंच फिरवून फिरवून वापरायची सोय तिने केली होती. कोजागरमधलं केंद्र हे त्याचं धाकटं भावंड. तिची लेक वैजयंतीही अंबरवाडीतच दिलेली. "आमच्या विहीणबाईंनी मुलगी दिली आणि वर नळसुद्धा दिला," असं तिचे व्याही भास्करराव कौतुकाने सांगत.

तर त्या सकाळी चहाचा दुसरा घोट घेताना इंदुमतीच्या लक्षात आलं की वैजूला आठवा महिना लागलाय आणि आपण आठवडाभर तिला फोन केलेला नाही.

विसरली नव्हती ती. रोज आठवण यायची, पण करावा असं काही वाटायचं नाही.

आता, इंदुमती म्हणजे घराला कुलूप लावल्यावर अर्ध्या वाटेवरून गॅस बघायला परत येणारी बाई. यानात बसताना तिने वैमानिकाला, "इंधन पुरेल ना हो?" असं विचारलं होतं. वैजूच्या पाचव्या महिन्यात तिने चंद्रावरून अंबरवाडीच्या तीन डॉक्टरांना हैराण केलं होतं. आणि आज? छातीत हात घालून चाचपावं तर तिथला नेहमीचा दगड जागेवर नाही. कुणी तरी उचलून नेला होता आणि खाली नुसती मऊ, सपाट जागा.

मग तिला वालेरियन डाबरेचा हात आठवला. वसईचा हा तरुण यंत्रतज्ज्ञ काल बाहेरच्या कामावर गेला, तेव्हा त्याच्या हातमोज्याची कडी नीट बसली नव्हती. हवा हळूहळू गळत राहिली, पोशाखातली शिट्टी वाजत राहिली, आणि हा शांतपणे काम संपवून जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, हात जरा सुजलाय." पुरीसारखा फुगला होता. सगळे हसले. इंदुमतीही हसली होती, आणि तिने त्याला भाजी वाढली होती.

कप तसाच ठेवून ती डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली.

डॉ. फिरोज मुजावर मिरजेचे. जाड भिंगांचा चष्मा, संथ बोलणं, आणि कोजागरचा 'सर्वांत शांत केंद्र' असा जो लौकिक पृथ्वीवर झाला होता त्याचा भारी अभिमान.

"डॉक्टर, माझं रक्त तपासा. मला काळजी वाटत नाहीये."

"इंदूताई, लोक माझ्याकडे उलटी तक्रार घेऊन येतात."

"म्हणूनच म्हणते. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलंय आणि मी इथे भरपूर झोपतेय. हे माझं शरीर नव्हे. कुणाचं तरी दुसरंच आहे."

डॉक्टर हसत उठले, पण रक्त घेतलं. भिंतीतल्या रक्तपारखी यंत्राने उत्तर दिलं. ते वाचून डॉक्टर तिच्याकडे वळले.

"तुम्ही चिंताशामक गोळी घेताय?"

"मी? ताप आला तर गोळी मोडून अर्धी घेते, ती पण देवासमोर दिवा लावून."

"रक्तात तर आहे. आणि बऱ्यापैकी आहे." त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, थेंब यंत्रात टाकला. "माझ्याही रक्तात आहे," ते म्हणाले, आणि तिखट कमी पडलंय असं सांगावं इतक्याच सहजतेने म्हणाले.

"इथे ही गोळी कुणाला दिली होती तुम्ही?"

"फक्त गवांदेसाहेबांना. आल्या आल्या त्यांना झोप येईना. इथे पंधरवडाभर सूर्य मावळत नाही, माणूस बिथरतो. दोन आठवड्यांपुरत्या दिल्या होत्या. दोन आठवड्यांपुरतं ते उत्तम औषध आहे, इंदूताई. त्याहून पुढे गेलं की मेंदू सरावतो. एकीने भागत नाही, दोन लागतात, आणि मग गोळीशिवाय साधा दिवसही भिववतो."

"एक माणूस गोळी घेतो, ती तुमच्या-माझ्या रक्तात कशी येते?"

"ते तुम्ही मला सांगायचं. पाणी तुमचं."

इंदुमती खुर्चीत टेकली. "माझ्या पाण्यात औषध नाही. आत येणाऱ्या प्रत्येक थेंबाची औषधांसाठी तपासणी होते. आमच्या धंद्याची रीतच आहे ती, मैला आत येतो तिथे तपासायचं. दारात सापडलं तर पुढची भीती नको."

"दारात ते सापडायचंच नाही." डॉक्टरांनी फळ्यावर एक गोल काढला, त्याला शेपटी जोडली. "शरीराला ही गोळी बाहेर टाकायची असते, पण ती पाण्यात सहजी विरघळत नाही. मग यकृत तिला साखरेचा एक कण बांधतं. शर्कराबद्ध झाली की ती विरघळते आणि लघवीतून निघून जाते. त्या रूपात ती निरुपद्रवी. तुमचा तपासनीस मूळ गोळीचा चेहरा ओळखतो, हा शेपटीवाला त्याला ओळखू येत नाही."

"आणि पुढे माझे जिवाणू." तिने हळूच कपाळाला हात लावला. "त्यांना साखर हवी असते. ते शेपूट तोडून खातात, आणि गोळी होती तशी मोकळी."

"अगदी तशीच. कामाला तयार."

"आणि चहात." ती उठली. "बंद वर्तुळ आहे डॉक्टर. बाहेर काहीच जात नाही. रोज थोडी भर पडते, रोज पुन्हा फिरते. पण एवढी? एका माणसाच्या दोन गोळ्यांनी एवढी व्हायची नाही."

झालेली होती, आणि कशी ते दुपारच्या जेवणाला कळलं.

केंद्रप्रमुख रोहिदास गवांदे उंचेपुरे, दिलदार गृहस्थ. जेवण झालं की ते खिशातून छोटी डबी काढत आणि बडीशेप फिरवावी तशी फिरवत. इंदुमती इतके दिवस समजत होती की तीत बडीशेपच असते. ती स्वतः तोंडशुद्धीला लवंग खायची, म्हणून कधी हात पुढे केला नव्हता.

आज तिने डबी उघडली. आत बारीक पिवळ्या गोळ्या.

"साहेब, ह्या कुठून येतात?"

"घरून," गवांदे मोकळेपणाने म्हणाले. "माझ्या मेहुण्याचं औषधांचं दुकान आहे. लाडवांच्या डब्यात चार पाकिटं टाकतो प्रत्येक यानाबरोबर. का?"

"चिठ्ठी?"

"मेहुण्याला कसली चिठ्ठी दाखवायची! डॉक्टरांनीच दिली होती ना पहिल्यांदा. मला लागू पडली. डाबरेला झोप येत नव्हती, म्हटलं घेऊन बघ. मग ह्याला, मग त्याला. कुणाचं डोकं दुखलं तर आपण आपल्या पिशवीतली गोळी देतोच की, मॅडम. त्यात काय?"

"तुम्ही किती घेता?"

गवांद्यांनी ताटाकडे बघितलं. "मोजत नाही हल्ली," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा बारीक झाला.

इंदुमतीने सगळ्यांना समजेल असं सांगितलं. कुणी घाबरलं नाही, अर्थात. पण गवांदे शरमले. शरम बहुधा त्या गोळीने मरत नसावी. ते उठून उभे राहिले. "आजच्या आज बंद. डब्या डॉक्टरांच्या कपाटात, आणि मॅडम, तुम्ही पाणी स्वच्छ करून टाका."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंदुमतीने अडगळीतून कोळशाची गाळणी काढून संध्याकाळच्या आत बसवली. कोळसा औषध चांगलं धरून ठेवतो. डॉक्टर शेजारी उभं राहून समाधानाने मान हलवत होते. अवघड प्रश्न सोप्या रीतीने सुटला, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यातच खोट होती.

दोन दिवसांनी, हाताला बारीक कंप का सुटलाय याचा विचार करत, तिने वैजूला फोन लावला. पडद्यावर लेकीचा गोल, तजेलदार चेहरा आला. बोललेलं पोचायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा सेकंद, त्यामुळे चंद्रावरून भांडता येत नाही, अशी इंदुमतीची जुनी तक्रार होती.

"आई! अगं किती दिवसांनी. मला आरामच होता. कुणी ओरडलं नाही, खाल्लंस का विचारलं नाही."

इंदुमतीने सगळी हकिगत सांगितली. वैजू हसायला लागली.

"त्या गोळ्या होय? इथे तर कट्ट्यावर एकमेकांना वाटतात. नवं शहर, नव्या नोकऱ्या, झोप कुणाला येतेय? आमचे सासरे घ्यायचे ना. मागल्या दिवाळीत देवदत्तने रागाने वडिलांच्या सगळ्या एकदम बंद केल्या. तिसऱ्या दिवशी बाबांना फराळाच्या ताटावरच फीट आली! चकली तोंडात आणि हातपाय झटकतायत. काय धांदल!" ती डोळे पुसत हसत होती.

"एकदम बंद केल्यावर?"

"डॉक्टर म्हणाले, हळूहळू सोडवायच्या असतात. तुला माहीत नव्हतं?"

इंदुमती फोन ठेवून जवळजवळ धावत सुटली. चंद्रावर धावणं म्हणजे ससा व्हायचं, त्यामुळे ती डॉक्टरांच्या दारावर थेट आदळलीच.

"एकदम बंद केलं तर फीट येते?"

"हो," मुजावर म्हणाले. "मेंदूने गोळीच्या विरुद्ध जोर लावून ठेवलेला असतो. गोळी अचानक काढली की तो जोर मोकळा सुटतो. कंप, घाम, भास, काहींना फीट. क्वचित जीवही जातो. तसं आपल्यातल्या दोघातिघांना तरी होईल."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"डॉक्टर आहे मी, इंदूताई."

"मग मी गाळणी बसवत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला. कपाळावर घाम होता, आणि भिंगं पुसणारा हात स्थिर नव्हता. "माहीत होतं," ते सावकाश म्हणाले, जणू स्वतःलाच तपासत होते. "फक्त त्यात काळजी करण्यासारखं काही वाटलं नाही."

ज्ञान जागच्या जागी होतं, पूर्ण, पाठ. त्याला उठवून उभं करणारं जे असतं, तेवढंच कुणी तरी धुऊन नेलं होतं.

तेवढ्यात जेवणघरातून भांडी पडल्याचा आवाज आला आणि डाबरे ओरडला, "डॉक्टर! साहेब!"

गवांदे जमिनीवर होते. पाठ धनुष्यासारखी ताणलेली, टाचा फरशीवर आपटत होत्या. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं, कपाटातून तेच औषध सुईने दिलं, आणि ते मोठं शरीर हळूहळू सैल पडलं. शुद्धीवर आल्यावर गवांद्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मी कुणाला लागलो नाही ना?" डाबरे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. सुजलेला हात त्याने पाठीमागे लपवला होता, जणू आता त्याची लाज वाटत होती.

"ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांच्या मी मोजून कमी करत आणीन," डॉक्टर म्हणाले. "पण जे फक्त पाणी प्यायले त्यांचं काय?"

"त्यांचं मी बघते." इंदुमतीला आता आपलं काम कळलं होतं. "पाण्याला दोन वाटा करते. एक कोळशातून, एक बाजूने तशीच. आज जवळजवळ सगळं बाजूने. मग दर आठवड्याला तोटी बारीकशी फिरवायची, कोळशाकडे थोडं जास्त. कुणाच्या मेंदूला कळू न देता."

अर्धी गोळी घ्यायला घाबरणारी ही बाई पुढचे अडीच महिने अकरा माणसांना, स्वतःला धरून, नळाने औषध पाजत होती. दर सोमवारी सगळ्यांचं रक्त, मग तोटी. गवांदे रोज येऊन विचारत, "मॅडम, आज किती?" आणि ती म्हणे, "साहेब, घाईने वाट लागते हे तुम्ही बघितलंय." ते मान डोलवत जात.

मधल्या काळात वैजूशी बोलणं झालं, दोनतीनदा. छान चाललंय, म्हणायची ती. दिवस भरत आलेत, म्हणायची. इंदुमतीलाही ते छान वाटायचं, कारण तोटी अजून पुरती फिरली नव्हती.

आणि एका सकाळी दगड परत आला. डोळे उघडायच्या आधीच छातीवर बसलेला, जुना, ओळखीचा, काळा. इंदुमतीने त्याला हात लावून बघितल्यासारखं केलं. "आलास का रे बाबा," ती पुटपुटली, आणि तिला रडूच आलं. पाठोपाठ डोक्यात सगळं धाडधाड येऊ लागलं. हातमोज्यांच्या कड्या कुणी तपासतंय का? अंगणातल्या हवेच्या टाकीचा पट्टा? आणि वैजू. वैजूचे दिवस भरून वर चार दिवस झालेत!

फोन लागला. वैजू स्वयंपाकघरात बसलेली, शेजारी जावई देवदत्त पेपर वाचत होता.

"बोल गं आई. काही नाही, अजून काहीच नाही. बाळ पण शहाणं झालंय, कालपासून लाथाच मारत नाही. झोपलं असेल."

इंदुमतीने बोलायला तोंड उघडलं, आणि तिला लेकीच्या मागची शेगडी दिसली. दूध वर येत होतं. वर आलं, फुगलं, पातेल्यावरून खाली उतरलं, ओट्यावरून ओघळून फरशीवर टपकायला लागलं. देवदत्तने मान वळवून ते बघितलं. वैजूनेही बघितलं.

"उतू गेलं," ती म्हणाली. कुणीही उठलं नाही.

आणि मग इंदुमतीला तो दिवाळीचा किस्सा आठवला. सासऱ्याला ताटावर फीट आली, हे सांगताना जी पोरगी डोळे पुसत हसली होती, ती तिची वैजू नव्हतीच. लहानपणी मांजराला ठेच लागली तरी रडणारी ती. मी असलं पाणी न पिणाऱ्या, बाहेरच्या माणसाला विचारतेय, असं इंदुमती समजत होती. अंबरवाडीचं पाणी कुणी केलंय? तपासनीस दारातच उभा करून, आत त्याच जिवाणूगाद्या अंथरून, कुणी?

"वैजू, ऊठ."

सव्वा सेकंद, आणि सव्वा सेकंद.

"कशाला गं? उगाच काळजी करतेस."

"हो, करते. तुला भीती वाटायची गरज नाही, मला वाटतेय तेवढी दोघींना पुरेल. देवदत्त, पेपर खाली ठेवा. आपचालक गाडी बोलवा आणि सोलापूर गाठा. अंबरवाडीतल्या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही, तिथले डॉक्टर तेच पाणी पितात. तुम्ही चालवायचं नाही. गाडी चालवेल. ऊठ म्हणते ना!"

त्या दोघांना भीती वाटली नाही. पण आईचा तो सूर वैजूच्या अंगात पाचव्या वर्षापासून मुरलेला होता, आणि त्याला कुठल्याही गोळीने धक्का लागत नाही. ती उठली. चप्पल शोधायला लागली.

"चप्पल राहू दे!"

गाडी निघेपर्यंत इंदुमतीने फोन सोडला नाही. तोवर तिचा आवाज ऐकून आलेल्या मुजावरांनी दुसऱ्या यंत्रावरून सोलापूरच्या प्रसूतितज्ज्ञांना सगळं सांगून ठेवलं. पोटातलं बाळही तेच औषध प्यालंय, म्हणून सुस्तावलंय. आई नव्या पाण्यावर आली की दोघांचंही एकदम बंद होईल, तेव्हा लहान मात्रा चालू ठेवून हळूहळू उतरवा.

मग तिने अंबरवाडीच्या जलकेंद्रात फोन लावला. ड्यूटीवरचे अभियंते बिडवे तिचे जुने सहकारी.

"मॅडम! चंद्रावरून? वा, वा."

तिने सांगितलं. शहराचं सगळं पाणी, तीन लाख माणसं. बिडवे लक्ष देऊन ऐकत होते.

"असेल, असेल," ते म्हणाले. "मग बंद करून टाकू का आज? कोळसा आहे शिल्लक."

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की मुजावर दचकले. "आज बंद केलंत तर परवा रस्त्यारस्त्यावर माणसं पडतील. महिने लागतील बिडवे, केसभर केसभर करत. ते काम ज्याला त्याची धास्ती आहे त्यानेच करायला हवं. मला दूरचावी द्या."

दूरचावी म्हणजे केंद्राच्या सगळ्या तोट्या लांबून फिरवण्याचा अधिकार. तो मिळवायला मंत्रालयात वर्ष जातं, हे तिने स्वतः अनुभवलं होतं.

"घ्या की मॅडम. तुमचंच आहे," बिडवे म्हणाले आणि एका शहराचं पाणी त्यांनी जांभई देत चंद्राच्या हवाली केलं.

मागणारी मी होते म्हणून बरं, दुसरं कुणी असतं तर, इंदुमती मनाशी म्हणाली.

जेवणघरात अकरा जण जमले. काम सोपं होतं आणि भयंकर होतं. अंबरवाडीचे आकडे चोवीस तास बघत राहायचं, दवाखान्यांतल्या बातम्या ऐकायच्या, आणि कुठे कंप दिसला की तोटी थोडी मागे घ्यायची. तीन लाख लोकांच्या वाट्याची काळजी, त्यांना स्वतःची परत येईपर्यंत.

"पाळ्या लावू," डाबरे म्हणाला. तो बोलता बोलता टेबलावरचे हातमोजे उचलून प्रत्येकाची कडी ओढून बघत होता.

"पहिली मला द्या," गवांदे म्हणाले. डॉक्टरांच्या हिशेबाने ते अजून रोजच्या पाव गोळीवर होते. "एकदम बंद केलं की आतून कसं वाटतं, ते इथे मलाच माहीत आहे. माझ्या हातून घाई होणार नाही."

पडद्यावर अंबरवाडीचा नकाशा आला. इंदुमतीने तोटी केसभर फिरवली. गवांदे खुर्ची ओढून बसले.

फोन आला तो त्यानंतर. सोलापूरच्या दवाखान्यातली पांढरी भिंत, तिच्यासमोर विस्कटलेल्या केसांची वैजू, आणि तिच्या कुशीत एक लालबुंद, मुठी आवळलेलं, खणखणीत रडणारं काहीतरी.

"मुलगी आहे, आई. पोट फाडून काढली. पण ही थांबतच नाही गं. हातपाय थरथरतायत. डॉक्टर म्हणतात होईल ठीक, औषध उतरवतोय म्हणतात, पण..." वैजूचा ओठ मुडपला, डोळे काठोकाठ भरले. "आई, मला भीती वाटतेय."

सव्वा सेकंद ते शब्द अवकाशात होते. मग ते कोजागरला पोचले, आणि इंदुमती काळसेकरने गेल्या कित्येक महिन्यांत घेतला नव्हता इतका लांब, भरपूर श्वास घेतला.

"शाब्बास, माझी बाय," ती म्हणाली.